शंभर सेकंदांचं माप

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की मी आधी त्याच्या हातातला सेट कसा धरलाय ते बघायचो. छातीशी घट्ट धरला असेल तर तो घरात न विचारता आणलेला. कडीला धरून झुलवत आणला असेल तर तो शेजाऱ्याचा, मागून आणलेला आणि आता बिघडवून परत द्यायची वेळ आलेला. आणि पोत्यात घालून आणला असेल तर तो याआधी दुसऱ्या कुणीतरी उघडलेला, आणि निम्मे स्क्रू वेगळ्या पुडीत. हा अंदाज माझा क्वचितच चुकायचा. चुकलो ते दुसरीकडंच, आणि ते सांगायलाच बसलोय.

माझं दुकान सोलापुरात, शुक्रवार पेठेत. दहा बाय आठची खोली, वर घर. शटर आता माझ्या गुडघ्यांमुळं अर्धंच उघडतं. वरच्या खोलीत त्रेचाळीस जुने टेपरेकॉर्डर मांडून ठेवलेत. पुण्याची पोरं बघायला येतात, फोटो काढतात आणि त्यांना ‘बूमबॉक्स’ म्हणतात. आम्ही टू-इन-वन म्हणायचो. दोन कॅसेटींचा असला तर ‘डबल’. आखाती देशात गेलेल्या भावानं पाठवलेला, चार स्पीकरांचा, उचलताना कंबर धरायला लावणारा असला तर त्याला गिऱ्हाईक प्रेमानं ‘धूड’ म्हणायचं. माझी बायको शालन अजूनही सगळ्यांना मिळून ‘तुमचा पसारा’ म्हणते.

मी धंदा शिकलो रज्जाकभाईंकडं. त्यांचा एकच नियम होता. “पैले सुनना, बाद में खोलना. खोलको क्या सुनते?” सेट आला की ते डोळे मिटून कान लावायचे आणि बाहेरूनच सांगायचे, पट्टा गेलाय, का हेड घाण झालंय, का मोटर थकलीय. लोकांना वाटतं आत फार काही गुंतागुंत असते. टेपरेकॉर्डर आतून गरीब प्राणी आहे. एक मोटर फिरते, रबरी पट्ट्यानं ती चाकं फिरवते, चाकं फीत ओढतात, आणि फीत हेडवरून घासत जाते. हेड म्हणजे वाचणारा. त्याच्यावर धूळ बसली की आवाज दबतो, पट्टा सैल झाला की गाणं रडायला लागतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटमध्ये तो पट्टा वितळून काकवीसारखा होतो. ती काकवी स्पिरिटनं पुसताना नखं आठवडाभर काळी राहतात. जुने सेट जमवण्याच्या छंदातलं निम्मं सुख हे असलं आहे.

गिऱ्हाइकं मात्र गरीब नसत. सांगोल्याकडचे एक धनगर होते, बिरूबा. त्यांचा सेट घोड्यावर संसाराच्या बोजावर बांधलेला असायचा, आणि मागं मेंढरं. एकदा सेट आणला तर स्पीकरचा कागद टराटरा फाटलेला. गाणं कमी आणि भुंगा जास्त. मी नवा स्पीकर टाकला, आवाज काचेसारखा स्वच्छ केला, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पाचव्या दिवशी बिरूबा परत हजर.

“मिस्त्री, जुना हाय का टाकला?”

“जुना कशाला? हा काय वाईट आहे?”

“लई झ्याक हाय. पन मेंढरं वळकंनात की. पयल्या आवाजामागं सरळ यायची, आता जाग्यावर हुबी ऱ्हात्यात अन् माझ्या तोंडाकडं बगत्यात.”

कचऱ्याच्या डब्यातून फाटका स्पीकर काढला आणि परत बसवला. दुकानातच भुंगा सुरू झाला. बिरूबा समाधानानं मान डोलवत निघून गेले. असलं काम मी आयुष्यात एकदाच केलं.

दुसरे नरसय्या. शहराच्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, त्यांचे बारा माग. मागांच्या खडखडाटात कानाला तोंड लावून बोललं तरी कळत नाही, आणि यांना तिथं गाणी लावायची. दर महिन्याला सेट घेऊन यायचे आणि म्हणायचे, “इनपडतलेदु,” म्हणजे ऐकू येत नाही. मी सेट उघडायचो, आतून सुताची पिंजण काढायचो. समईच्या वाती होतील एवढी निघायची. शेवटी एकदा मी हात जोडले.

“नरसय्या, तुमच्या बारा मागांपेक्षा मोठा आवाज जपानात बनत नाही. ऐकू येत नाही तर लावता कशाला?”

“लाइटी नाचतेत ना, मिस्त्री! लाइटी नाचल्या का कामगारला कळतंय गाना चालू हाय. मंग ते तोंडानं म्हनतेत.”

पुढच्या वेळी मी हेडला हात लावला नाही. फक्त लाल-हिरव्या दिव्यांची रांग पुसून चकचकीत करून दिली. नरसय्या एकदम खूश.

पण माझं नाव झालं ते स्पीडवर. हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. काटेकोर सांगायचं तर चार पूर्णांक शहात्तर शतांश. कमी सरकली तर बाईचा आवाज बाप्याचा होतो, जास्त सरकली तर बाप्याचा बाईचा. मोटरच्या मागं एक बारीक भोक असतं, त्यात पेचकस घालून आतला स्क्रू हलवला की स्पीड कमी-जास्त होतो. बाकीचे मिस्त्री तो कानानं जुळवायचे. ओळखीचं गाणं लावायचं, बरं वाटलं की सोडून द्यायचं. रज्जाकभाईसुद्धा तसंच करायचे. मला ते पटेना. आज सर्दी झाली, उद्या बायकोशी भांडण झालं, तर कान वेगळं ऐकणार. मला माप हवं होतं.

म्हणून मी एक युक्ती काढली. एका कोऱ्या कॅसेटची फीत बाहेर काढून घराच्या सोप्यात लांब पसरली. चारशे शहात्तर सेंटिमीटर मोजले, आणि त्या अंतराच्या दोन्ही टोकांना आवाज भरलेल्या फितीचे नखभर तुकडे सांधले. झाली माझी परीक्षेची कॅसेट. वाजवली की एक ‘टुक्’ येणार, आणि सेट बरोबर असेल तर मोजून शंभर सेकंदांनी दुसरं ‘टुक्’. गिऱ्हाइकासमोर मी मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवायचो. टुक्. सगळे काट्याकडं बघत थांबायचे. कधी चार-पाच माणसं जमायची. शंभराव्या सेकंदाला टुक् झालं की कुणीतरी “वा!” म्हणायचंच. मग त्या स्क्रूवर मी शालनच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचो. ते माझं सील. कुणी हात लावला तर थेंब फुटणार आणि मला कळणार.

आणि गंमत अशी की लोक खरोखर तारीफ करायचे. “चंदूमिस्त्रीकडनं आणला की सेट तरणा झाल्यागत वाजतो,” असं म्हणायचे. मला ते खरं वाटायचं. कान फसतो, घड्याळ फसत नाही, हे मी इतक्यांदा ऐकवलं की गल्लीतल्या लोकांनी मलाच ‘शंभर सेकंद’ असं नाव ठेवलं होतं.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात दत्ता नावाचा एक गृहस्थ आला. चाळिशीचा, इथंच चिंचोळीच्या कारखान्यात कामाला, मूळचा करकंबचा. सेट पोत्यात. मी मनातल्या मनात म्हटलं, उघडलेला.

“आमचं वडील, तात्या, म्हनत हुते भंगारात घाल,” तो म्हणाला. “मोबाईलवर बगितलं, तुमी जुनं सेट जमवताय. म्हनलं बगावं, तुमच्या कामाला आला तर.”

पोत्यातून निघाला तो एका कॅसेटचा जुना जपानी सेट, झाकणाची एक बिजागरी तारेनं बांधलेली, आत एक जुनी कॅसेट. मी मागचं कव्हर काढलं आणि खुर्चीत सरसावून बसलो. मोटरवर लाल थेंब! अख्खा, न फुटलेला.

“अहो, हा माझ्या हातचा आहे!” मी ओरडलोच. शालनला हाक मारून खाली बोलावलं. आपल्या हातचा तीसएक वर्षांपूर्वीचा सेट समोर आला की मिस्त्रीला माहेरवाशीण भेटल्याचा आनंद होतो. मी पट्टा बदलला, हेड पुसलं, चहा मागवला, आणि दत्ताला म्हटलं, आता बघा स्पीड.

पुण्याच्या एका संग्राहक पोरानं मला त्याच महिन्यात कारखान्यात बनलेली खरी परीक्षेची कॅसेट पाठवली होती. तिच्यात एकच शिट्टी भरलेली असते, सेकंदाला तीन हजार कंपनांची. मोबाईल शेजारी ठेवला की त्यावर आकडा दिसतो. मी कॅसेट लावली. आकडा आला तीन हजार नव्वद.

“मोबाईल बिघडलाय,” मी म्हणालो.

दुसरा मोबाईल आणला. तीन हजार नव्वद. मग मी वर गेलो आणि संग्रहातला, मी कधीच न उघडलेला, मूळ कंपनीच्या सीलचा एक सेट खाली आणला. तो तीन हजार दोन. लाल थेंबाचा एक आणला. तीन हजार एक्क्याण्णव. आणखी एक. तीन हजार अठ्ठ्याऐंशी. त्रेचाळीसपैकी ज्यांच्यावर लाल थेंब होता ते सगळे नव्वदच्या आसपास, शंभराला तीन जास्त. ज्यांच्यावर नव्हता त्यांची आपली आपली वेगवेगळी दुखणी. दत्ता चहाचा कप हातात धरून माझ्या वर-खाली फेऱ्या बघत होता.

माझी ती जुनी कॅसेट काढली. फीत सोप्यात पसरली आणि पोलादी टेपनं मोजली. दोन टुकांमधलं अंतर चारशे शहात्तर हवं. ते निघालं चारशे नव्वद. एवढी लांब फीत शंभर सेकंदांत पळवायची म्हणून तीस वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातला प्रत्येक सेट जोरात पळवत होतो.

“तेव्हा कशानं मोजलं होतं?” शालननं विचारलं.

कशानं मोजणार? घरात एकच माप होतं. तिचा शिवणाचा टेप, सासूबाईंकडून आलेला, मेणकापडी, ओढून ओढून मऊ झालेला. तो अजून शिवणयंत्राच्या खणात होता. पोलादी टेपशेजारी ठेवला. त्याचे दीडशे सेंटिमीटर म्हणजे खरे एकशे साडेचोपन्न.

“माझं काही बिघडलं नाही हं,” शालन लगेच म्हणाली. “मी अंगाचं माप घेते याच टेपनं आणि कापड कापते याच टेपनं. एकीचं पोलकं सैल झालं असेल तर सांगा.” तिचं खरं होतं. एकाच टेपच्या घरात राहिलं तर कुणाचंच काही चुकत नाही. मग एकाएकी तिनं तोंडावर हात घेतला. “अगंबाई, म्हणजे शिवाप्पा माप मारत नव्हता!” कोपऱ्यावरच्या शिवाप्पाच्या दुकानातून आणलेलं कापड ती घरी येऊन मोजायची, दर दोन मीटरला चार बोटं कमी भरायचं, आणि इतकी वर्षं ती गल्लीभर सांगत होती की तो कापड मारतो. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडं बर्फी घेऊन गेली. काय बोलली ते मला सांगितलं नाही.

मी हसत होतो, खरं सांगतो. तीस वर्षांची फजिती, पण गाणं जरा लवकर संपलं म्हणून कुणाचं काय गेलं? वाचकांपैकी कुणाकडं लाल थेंबाचा सेट असेल तर त्यांनी मोटरचा स्क्रू किंचित डावीकडं फिरवावा, एवढं लिहून हा लेख संपवता आला असता. पण दत्ता हसत नव्हता. त्यानं कप खाली ठेवला.

“म्हंजे ह्यो सेट चढा वाजायचा?” त्यानं विचारलं. “पयल्यापास्नं?”

“मी दुरुस्त केल्यापासून. का हो?”

“आमचं तात्या पेट्या लावायचं.”

मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील नागनाथ, पंचक्रोशीत नागूअण्णा पेटीवाले. भजनी मंडळांच्या हार्मोनियम सुरात लावणं हा त्यांचा धंदा. पेटीच्या आत प्रत्येक सुराला एक पितळी पाती असते. ती टोकाशी कानशीनं घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. लावायला आधाराचा सूर लागतो. नागूअण्णांच्या गुरूंनी पंढरपुरात आपल्या पेटीचे बारा सूर एकेक करून कॅसेटमध्ये भरून दिले होते. गुरू गेले, कॅसेट राहिली. करकंब, माढ्याकडची गावं, सगळीकडच्या पेट्या नागूअण्णांनी त्या कॅसेटवर लावल्या, आणि ती कॅसेट वाजायची या सेटवर.

मी हिशेब केला. शंभराला तीन चढा सूर म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये. ना ही, ना ती.

“कुनाला कळलं न्हाय,” दत्ता म्हणाला. “मंडळाची पेटी ती मंडळाची. तिच्यावरच मृदंग लावायचा, तिच्यावरच गायचं. आट वर्सामागं भजनाच्या स्पर्धेत मशीनवरचा तंबोरा लावला. आमच्या पेटीचा अन् त्याचा मेळच बसंना. सुराला सूर चावाय लागला. हरिभाऊंनी, म्हंजे आमच्या मंडळाच्या म्होरक्यांनी, समद्यांदेखत म्हनलं, नागूअण्णाचा कान गेला. तात्यांनी त्या दिवसापास्नं कानशीला हात लावला न्हाय. देवळात भजनाला पन बसत न्हाईत.”

“आणि त्यांना काय वाटतं?”

“त्यांना पन तसंच वाटतंय की. कान गेला.”

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. शालन म्हणाली, पत्र लिहा. मी लिहायला बसलो आणि फाडलं. एखाद्याचा कान त्याला परत द्यायचा तर तो पोस्टानं कसा पाठवायचा? मी सेटचा स्पीड नीट केला, मूळची ती कॅसेट आत होतीच, आणि गुरुवारी सकाळी यष्टीनं करकंबला गेलो. दत्तानं रजा काढली होती. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी इतकी रखडली की चार वेळा परत फिरावंसं वाटून गेलं.

नागूअण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. पंचाहत्तरीच्या घरातले, सडपातळ, अंगात बंडी. मी नाव सांगितलं. त्यांनी मला लगेच ओळखलं, आणि सेटही. मी मागचं-पुढचं काही न बोलता सगळं सांगून टाकलं. टेप, फीत, शंभर सेकंद, नव्वदचा आकडा. मग सेट लावला. गुरूंच्या पेटीचा पहिला सूर निघाला, आणि मी मोबाईलवर तंबोरा लावला. दोन्ही एकात एक मिसळून गेले.

नागूअण्णांचा हात शेंगांच्या टोपल्यात तसाच राहिला.

“अण्णा, तुमचा कान गेला नव्हता,” मी म्हणालो. “चूक माझी होती.”

त्यांनी बटण दाबून सेट बंद केला. मग म्हणाले, “मी आल्तो की तुमच्याकडं परत.”

“कधी?”

“सेट घिऊन आलो त्याच्या दुसऱ्याच आटवड्याला. घरातली पेटी अन् कॅसेट जुळंना. तुमाला म्हनलं, मिस्त्री, सेट चढा तर लागला न्हाय? तुमी मनगटाचं घड्याळ काडून फुडं ठिवलं. शंबर सेकंद मोजून दावलं. म्हनला, अण्णा, घड्याळ काय खोटं बोलतंय का, तुमचीच पेटी उतरली आसंल.” त्यांनी टरफलं हातानं बाजूला केली. “मंग मी घरी आलो, अन् घरातली पेटी घासून चढवून घेतली. ती बराबर हुती ती.”

मला हे आठवत नाही. खूप आठवून बघितलं. पण मी तेच केलं असणार यात शंका नाही, कारण मी सगळ्यांशी तेच करायचो. त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. पहिल्याच आठवड्यात. आणि मी चार माणसांसमोर त्यांना घड्याळ दाखवून गप्प केलं होतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. म्हातारपणी तेवढी सवलत असते.

“मला लई राग यायला पायजे,” नागूअण्णा म्हणाले. “यील उद्या. आज न्हाय येत.” मग आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली. “आगं, ऐकलंस का? हे सोलापूरचं मिस्त्री काय म्हनत्यात?” बाई दारात आल्या. मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “हे हितं सांगून काय? तितं सांगा की, देवळात. आज गुरवार हाय, भजन आसतंय.”

संध्याकाळी आम्ही मारुतीच्या देवळात गेलो. मंडळ जमत होतं. नागूअण्णा आत आले तशी कुजबुज थांबली. हरिभाऊ उठून उभे राहिले. नागूअण्णा म्हणाले, “ह्यांना कायतरी सांगायचं हाय,” आणि खांबाला टेकून उभे राहिले.

दुकानात मी हजारो माणसांसमोर बोललोय, पण त्या दहा-बारा माणसांसमोर माझी सुरुवातच दोनदा चुकली. तरी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, घड्याळाची गोष्टसुद्धा. मग टाळ घेऊन बसलेला एक दांडगा गडी म्हणाला, “म्हंजे तीस वर्सं आमी चढ्या पट्टीत वरडतोय व्हय? तरीच म्हनलं, अभंग संपला की माझ्या गळ्याच्या शिरा का फुगत्यात!” सगळं देऊळ हसलं. मीही हसलो. हरिभाऊ तेवढे हसले नाहीत. ते पुढं आले, मंडळाची पेटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि नागूअण्णांच्या पुढ्यात आणून ठेवली. तोंडानं माफी मागणं त्यांना जमलं नाही. त्यांनी खाली बसायला सतरंजीचा कोपरा झटकून दिला.

नागूअण्णा मांडी घालून बसले. भाता उघडला, काळी एक दाबली, मान तिरपी करून ऐकली. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मी मोबाईल काढला आणि त्यांना म्हणालो, “अण्णा, यात बाराही सूर आहेत. एकेक लावत जातो. आकडासुद्धा दिसतो, तुम्हाला सोपं जाईल.”

त्यांनी बंडीच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली कानस काढली. घरातून निघतानाच ती घेतली असणार.

“आकडा ऱ्हाऊ द्या तुमचा,” ते म्हणाले. “एक सूर द्या फकस्त. बाकीचं अकरा माझं मी लावतो.”